डच वसाहतीतला करारबद्ध नोकर आणि आपला सालगडी: तुलना कितपत बसते?

अंबाजोगाईकर:
एम.ए.च्या सेमिनारला न्यू नेदरलँड, म्हणजे आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या आसपासची सतराव्या शतकातली डच वसाहत, हा विषय घेतलाय. गाइडमध्ये सगळे करारबद्ध नोकर एकाच साच्यात बसवलेत: प्रवासखर्च मालकाचा, 4 ते 7 वर्षं राबायचं, मग सुटका. डचांकडेही हेच होतं का? उचल घेऊन पाडव्याला साल धरणारा सालगडी उदाहरणाला घेतला तर चालेल?

गोदाकाठ:
गाइडमधलं चित्र व्हर्जिनिया-मेरीलँडचं आहे. व्हर्जिनियात 1618 पासून प्रवासखर्च भरणाऱ्याला माणशी 50 एकर मिळायचे, त्यामुळे माणसं आणणं हाच धंदा झाला. नोकराची उरलेली वर्षं बंदरावर तंबाखूच्या बदल्यात विकली जायची. मुदतीत पगार बहुधा नसायचाच; शेवटी कपडे, मका असं काही हातावर टेकवत. व्हर्जिनियात पळून सापडला तर बुडवलेल्या दिवसांच्या दुप्पट काम.

डचांकडे करारात वर्षाचा पगार गिल्डरमध्ये, म्हणजे डच चलनात, ठरलेला असे. वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीच्या 1629च्या सनदेनुसार 4 वर्षांत 15 वर्षांवरची 50 माणसं वसवणाऱ्याला 'पट्रून' म्हणून नदीच्या एका काठाने 4 डच मैल जमीन मिळे. बाकीच्या पट्रूनांचं काही जमलं नाही. टिकली ती आजच्या ऑल्बनीजवळची रेन्सेलरवाइक. तिचा मालक किलियान व्हान रेन्सेलर अ‍ॅमस्टरडॅमचा जवाहिऱ्या. तो स्वतः तिकडे कधी गेलाच नाही. माणसं भरायची, करार करायचे, हिशेब तपासायचे, सगळं पत्रांवर.

पगार होता म्हणजे मोकळीक होती असं मात्र लिहू नका. कंपनी पट्रूनचा माणूस लेखी संमतीशिवाय दुसरीकडे ठेवून घेणार नाही, असं कलम त्याच सनदेत आहे. त्यात आगाऊ घेतलेले पैसे आणि मालकाच्या कोठारातून उधार घेतलेला माल खात्यावर चढत जाई. बीव्हरच्या एका चांगल्या कातड्याला 8 गिल्डरच्या आसपास भाव, म्हणून शेतीवर आणलेला गडी फरच्या व्यापाराकडे ओढला जाई. मालकांची खरी डोकेदुखी हीच.

दखनी माती:
एक भर घालतो. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना या यादीत ढकलू नका. त्यांच्याकडे करार नव्हता, मुदतही नव्हती. 1644 मध्ये कंपनीने 11 पुरुषांना बायकांसह 'अर्धं स्वातंत्र्य' दिलं. अट अशी: दर वर्षी 30 स्केपेल धान्य (एक स्केपेल साधारण 27 लिटर) आणि एक पोसलेलं डुक्कर. चुकलं की पुन्हा गुलामी. आणि मुलं, जन्मलेली आणि जन्मायची, कंपनीच्याच चाकरीत. आईबाप सुटलेले आणि लेकरं बांधलेली! सेमिनारमध्ये यावर थांबून बोला, दोन ओळींत उरकू नका.

अंबाजोगाईकर:
धन्यवाद दोघांनाही. मग सालगड्याचं उदाहरण ठेवू की काढू?

गोदाकाठ:
उचल आणि ठरलेली मुदत समजावण्यापुरतं ठेवा. पण सालगड्याचं गाव, भावकी जवळ असते. उचल फिटली की पाडव्याला मालक बदलता येतो. तिथे मध्ये अख्खा अटलांटिक. शिवाय वाद झाला तर कोर्ट पट्रूनचंच. 50 गिल्डरांवरच्या निकालाविरुद्ध कंपनीकडे अपील करता येई, पण रेन्सेलरवाइकमध्ये तो हक्कही कुळांना सोडायला लावत.

आणि आकडे देताना जपून. करारात गिल्डर लिहिलेत म्हणून हातात नाणं पडायचंच असं नाही. धान्य, कातडी किंवा 'सेवांत' (शिंपल्यांचे मणी) यांतच पुष्कळ व्यवहार चाले. 1650च्या हुकमाने चांगल्या ओवलेल्या मण्यांचा दर 6 पांढरे किंवा 3 काळे म्हणजे 1 स्टायव्हर, आणि 20 स्टायव्हरांचा गिल्डर. फुटके, न ओवलेले मणी बाजारात आले की सेवांतचा भाव पडे. पगाराचा तक्ता करताना मोबदला कशात मिळाला, याचा रकाना वेगळा ठेवा.