एम.मॅथ.ची तयारी: सिद्धता लिहिताना अडतंय

प्रश्न: बंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एम.मॅथ. (गणितातली मास्टर पदवी) करायचंय. गणितं सुटतात, सिद्धता मात्र लिहिता येत नाहीत. काय करावं?

उत्तर १: पुस्तक मिटून लिहा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारा. लिमिट आणि इंटिग्रल यांची अदलाबदल करताना पुष्कळ जण घसरतात. फलनांची एक क्रमिका घ्या (क = १, २, ३, ...); क-व्या फलनाची किंमत ० आणि १/क यांच्या दरम्यान क, बाहेर ० ठेवा: क वाढत गेला की लिमिट सगळीकडे ०, म्हणून लिमिटचं इंटिग्रलही ०; पण प्रत्येक फलनाचं इंटिग्रल कायम १. अशी प्रतिउदाहरणं वहीत जमवाच; प्रमेयातली अट कशासाठी, ते तिथे दिसतं.

उत्तर २: बीजगणितात ८ घटकांचे पाचही ग्रुप हाताने वेगळे करा. अबेलियन नसलेले (म्हणजे घटकांचा क्रम बदलला की गुणाकार बदलू शकतो असे) दोन आहेत: चौरसाच्या सममितींमध्ये कोटी २ चे (स्वतःशीच गुणल्यावर एकक घटक देणारे, पण स्वतः एकक नसलेले) ५ घटक, क्वाटर्नियन ग्रुपमध्ये एकच.