पार्किंगातला चिरका आवाज (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

सचिव: रविवारी सकाळी ९ ते १२ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

मंदा वहिनी, ए-१०१: टाकीचं राहू दे. रोज सकाळी पोदेर पाव घेऊन येतो त्याच वेळेला पार्किंगातून शिटीसारखं काय किंचाळतं? पोदेराच्या भोंग्याच्या पोंयपोंयच्या आधी तेच ऐकू येतं.

नेहा, बी-२०३: वहिनी, माझीच गाडी. सॉरी. गेल्या शनिवारी बेळगावहून येताना चोर्ला घाट उतरताना सुरू झालं. काल गॅरेजला नेली, तर म्हणे चारही चाकांचे ब्रेक पॅड गेले, डिस्कही बदला. आकडा ऐकून तशीच परत आणली. आणि चवथीच्या खरेदीला पुन्हा बेळगाव गाठायचंय 😩

रोहन, बी-३०१: ताई, पॅडवर जरासं ग्रीस मारा. आवाज बंद.

वासुदेवभाई, ए-००२: रोहन, गप रे. ग्रीस लावलंस तर आवाज जाईल आणि ब्रेकही जाईल. नेहा, आवाज नक्की कसला गो? चिरका की घरघर?

नेहा: चिरकाच. हलका ब्रेक दाबला की जास्त.

वासुदेवभाई: मग अजून वेळ आहे. पॅडला पत्र्याची एक बारीक जीभ असते. पॅडचं घासणारं अस्तर, म्हणजे लायनिंग, २-३ मिमी उरलं की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासते आणि ओरडते. ओरडण्यासाठीच बसवलेली असते. सगळ्या पॅडना नसते मात्र, तेव्हा आवाज नाही म्हणजे पॅड ठणठणीत असं बाकीच्यांनी धरून चालू नका. घरघर आली, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी, तर लायनिंग संपलं. मग पॅडची मागची लोखंडी पट्टी डिस्क कोरत बसते.

मंदा वहिनी: अगो बाई, आमची पण सकाळी घरघरते हो भाई!

वासुदेवभाई: रात्री पाऊस पडला की? आणि गेटपर्यंत जाईस्तोवर थांबते?

मंदा वहिनी: हो, दोन-तीनदा ब्रेक मारला की थांबते.

वासुदेवभाई: तो गंज. डिस्क ओतीव लोखंडाची, आपली हवा दमट आणि खारी. एका रात्रीत तांबूस होते, पॅडच ती पुसून काढतात. तुम्ही निवांत चहा घ्या. नेहा, हँडब्रेकचा लाल दिवा मध्येच लागायचा का?

नेहा: हो!! वळणावर लागायचा. ह्यांनी ब्रेक ऑइल काठोकाठ भरलं, मग गेला.

वासुदेवभाई: कपाळ माझं. दिवा बरोबर सांगत होता, तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत. पॅड झिजला की त्याला दाबणारा पिस्टन तेवढा बाहेर येतो, त्याच्या मागची जागा भरायला ऑइल खाली उतरतं. म्हणून टाकीतली पातळी घटते. गळतीनेही घटते, तेव्हा आधी चाकांच्या आतून ओल आहे का बघायचं. आता नवीन पॅड घालताना पिस्टन मागे ढकलला की हे सगळं ऑइल उसळून वर येईल. गाडीचा रंग खातं ते. आधीच थोडं काढून घ्यायला सांग. आणि चारही चाकांचे पॅड म्हणालीस ना? मागच्या रिमातून बघ जरा आत काय दिसतंय.

नेहा: (फोटो) गोल डबा आहे.

वासुदेवभाई: ड्रम. त्यात पॅड नसतात, आतून घासणारे शू असतात. गाडीत जे नाहीच ते बदलायला निघाला होता तुझा गॅरेजवाला. ६ वाजता खाली ये, जॅक आणि पाना घेऊन. स्टँड माझ्याकडे आहे.

सचिव: पार्किंगात दुरुस्तीची कामे करू नयेत असा ठराव आहे.

वासुदेवभाई: दुरुस्ती नाही हो, नुसतं दर्शन.

नेहा: दर्शन झालं 🙏 भाईंनी गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करायला लावले, मागच्या चाकांना विटा लावल्या, आणि जॅकवर उचलून खाली स्टँड घातल्याशिवाय हात आत घालू दिला नाही. बाहेरचा पॅड चांगला ५ मिमी. मी म्हटलं, अहो, हा तर आहे! तर म्हणाले, टॉर्च मारून आतला बघ. रुपयाची दोन नाणी एकावर एक धरून पाहिली. आतला तेवढाही नव्हता.

रोहन: एकाच चाकात दोन वेगळे कसे?

वासुदेवभाई: पॅड धरून दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून आखडल्यात. पिस्टन आतल्या पॅडला दाबतो, पण कॅलिपर सरकला नाही की बाहेरचा नीट दाबलाच जात नाही. नुसते पॅड बदलून पिना तशाच ठेवल्या तर वर्षभरात आतला पुन्हा संपेल. पिना साफ करून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीसच लावायचं. रोहन, ग्रीसची जागा ही. पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, एकाच बाजूचे घातले तर ब्रेकला गाडी ओढते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मोजून घ्या, तिच्या वर असेल आणि खोल चरे किंवा तडे नसतील, तर डिस्क तीच चालेल, गॅरेजवाल्याच्या तोंडाकडे बघू नका.

नेहा: आज दुसऱ्या मेकॅनिककडे झालं. डिस्क मोजली, किमान जाडीच्या वर निघाली, तीच ठेवली. भाई शेजारी उभे! कॅलिपर ब्रेक ऑइलच्या नळीला लोंबकळायला लागला तर त्याला तारेने बांधायला लावला. सगळं बसवून मी पेडल दाबलं तर थेट तळाला. पोटात गोळा आला.

वासुदेवभाई: पिस्टन मागे ढकललेला असतो, तो पॅडला टेकेपर्यंत पेडल पोकळच लागणार. म्हणून गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईस्तोवर पंप करायचं. हे विसरून गॅरेजच्या भिंतीला गेलेली गाडी मी पाहिलीय. पहिले २००-३०० किमी कचकन ब्रेक नको. आणि चोर्ला चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरात उतर. सारखा पाय ठेवून राहिलीस तर नवे पॅडही तापतील. जळका वास आला तर थांब, थंड होऊ दे. पाणी ओतायचं नाही.

मंदा वहिनी: भाई, आज सकाळी परत आवाज आला हं नेहाच्या गाडीचा. घरघर.

वासुदेवभाई: रात्री पाऊस होता. नेहा, गेटपर्यंत थांबला?

नेहा: पोदेराला ओलांडायच्या आत.

सचिव: टाकी सफाई पावसामुळे पुढच्या रविवारी.