कुलवृत्तांत वेबवर आणताय? बापाचा आयडी पुरतो, उगाच शहाणपण नको

खटपट्या:
आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत साइटवर चढवतोय. १४ पिढ्या, ११ हजारांच्या आसपास नावं. माझं मत सरळ आहे : डेटाबेसमध्ये माणशी एक रो (ओळ), त्यात बापाचा आयडी (क्रमांक) टाका, विषय संपला. बापाकडून मुलाकडे असं पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाणारी क्वेरी, म्हणजे 'विथ रिकर्सिव्ह', पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये २००९ पासून आहे, मायएसक्यूएलमध्येही ८.० पासून आली. तरी आमच्या मंडळातले एक जण नेस्टेड सेटच (बापाच्या आयडीऐवजी प्रत्येकाला दोन आकडे देऊन झाड साठवायची पद्धत) हवा म्हणून अडून बसलेत. मला ते जुनं खूळ वाटतं.

जुना डीबीए:
खूळ कसलं? वृत्तांत वाचणारे हजार, बदलणारा एक. प्रत्येकाला डावा-उजवा आकडा असा दिला, की वंशजांचे आकडे पूर्वजाच्या दोन आकड्यांच्या मधेच पडतील, की मूळ पुरुषाचे सगळे वंशज एका 'बिट्वीन'मध्ये हजर. रिकर्शन लागतच नाही.

खटपट्या:
बदलणारा एक? फॉर्म उघडला आणि पहिल्याच आठवड्यात बारशांची रांग लागली. थोरल्या पातीत एक बाळ घातलं की त्याच्या उजवीकडचे सगळे आकडे दोनाने सरकवायचे. म्हणजे एका बाळापायी निम्मं टेबल हलवा, आणि तेवढ्यात दुसऱ्या काकांनी 'सेव्ह' दाबलं तर त्यांना थांबवून ठेवा.

माजघर:
तुम्ही दोघंही झाड धरून बसलात. दत्तक कुठे घालणार? माझे पणजोबा चुलत्यांकडे दत्तक गेले. छापील पुस्तकात दोन्हीकडे नाव आहे, जनक बापाखाली फक्त 'दत्तक गेले, पान अमुक पाहा'. बापाचा कॉलम एकच ठेवलात तर एका बापाला गाळावंच लागेल. नात्यांचं वेगळं टेबल करा : कोण, कोणाचं, औरस की दत्तक. आईही तिथेच बसेल. आमच्या पुस्तकात तर मुलगी म्हणजे नाव, जावयाचं नाव आणि पूर्णविराम.

जुना डीबीए:
करा की. मग वंशज मोजायला गेलात की दत्तकाची अख्खी शाखा दोनदा येईल, कारण दोन्ही बाप एकाच मूळ पुरुषाचे. सगळे रो ठेवणाऱ्या 'युनियन ऑल'ऐवजी सारखे रो एकदाच ठेवणारं 'युनियन' लिहून सुटाल असं वाटत असेल, तर क्वेरीत पिढीचा आकडा धरलाय का बघा. जनक आणि दत्तक बाप वेगळ्या पिढीतले निघाले की रो वेगळे, डुप्लिकेट तसेच.

खटपट्या:
हे मान्य. शेवटी पुन्हा आलेले गाळणारं 'डिस्टिंक्ट' लावून व्यक्तीचे आयडी मोजीन. नात्यांचं टेबल करतो. नेस्टेड सेट तरीही नाही.

मोबाइलवाली:
साठवा कसंही, दाखवणार कसं? ११ हजार चौकटी एसव्हीजीत (ब्राउझरमधल्या रेषाचित्रात) एकदम काढल्या तर साधा फोन गुदमरेल. दोन पिढ्या उघड्या ठेवा, पुढच्या क्लिक केल्यावर आणा.

माजघर:
आमच्याकडे तेच केलं होतं. ज्येष्ठ मंडळी ब्राउझरच्या शोधात स्वतःचं नाव टाकायची. शाखा उघडलेलीच नसायची, मग नाव सापडणार कुठून? 'आम्हाला गाळलंत' म्हणून फोन!

मोबाइलवाली:
म्हणून शोध सर्व्हरवर हवा. नाव सापडलं की मूळ पुरुषापासून तिथपर्यंतची वाट आणायची आणि तेवढीच शाखा उलगडायची.

माजघर:
वाट आणाल, पण कोणाची? नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल. 'विठ्ठल गणेश' शोधलं तर आमच्याकडे एकाच पातीत एकाआड एक पिढी चार निघाले. नावापुढे पिढी आणि गाव छापा, नाहीतर माणूस आजोबांवर क्लिक करून स्वतःच्या मुलांची नावं शोधत बसतो.