बंदरासाठी बाहेरचा पर्यावरण सल्लागार नेमताना निविदेत काय लिहावे?

प्रश्न : खाडीकाठ
मी कोकणातील एका सरकारी बंदराच्या स्थापत्य विभागात काम करतो. धक्का वाढवणे आणि जलमार्गातील गाळ काढणे अशी दोन कामे प्रस्तावित असून, त्यानंतर मालहाताळणीची क्षमता वर्षाला ५० लाख टनांच्या पुढे जाणार असल्याने २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय आघात मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे प्रकल्प ‘अ’ वर्गात मोडतो, म्हणजे त्याला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागते. आमच्याकडे स्वतंत्र पर्यावरण कक्ष नाही, त्यामुळे बाहेरचा सल्लागार नेमणे भाग आहे. लेखा विभागाचा आग्रह नेहमीप्रमाणे एल-वनचा, म्हणजे सर्वांत कमी दराचा आहे. मागील कामात तसेच केले, तेव्हा अहवालात भरतीच्या आणि ओहोटीच्या पाण्यातील विद्राव्य प्राणवायूचे आकडे दशांशासकट एकच होते. ते आमच्यापैकी कोणाच्याही नजरेस आले नाही. जनसुनावणीत एका वयस्कर कोळी गृहस्थांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारले, तेव्हा सल्लागाराच्या प्रतिनिधीला उत्तर देता आले नाही आणि आम्हालाही नाही. या वेळी निविदेत नेमके काय घालावे?

उत्तर १ : दोन लिफाफे
केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १९२ नुसार गुणवत्ता आणि दर यांचे एकत्रित मूल्यमापन करता येते, आणि त्यात गुणवत्तेचा भार जास्तीत जास्त ८० टक्के ठेवता येतो. आपले बंदर राज्याच्या अखत्यारीत असल्यास राज्याचे खरेदी नियम पाहावे लागतील, पण लेखा विभागाला पटवण्यासाठी हे गणित उपयोगी पडेल. समजा, एका संस्थेला तांत्रिक गुण ८५ आणि तिचा दर ६० लाख. दुसरीला गुण ६२ आणि दर ४० लाख. सर्वांत कमी दराला १०० गुण आणि इतरांना त्या प्रमाणात कमी धरून गुणवत्ता व दर यांचा भार ७०:३० ठेवल्यास पहिलीचे एकूण गुण ७९.५ आणि दुसरीचे ७३.४ होतात. तोच भार ५०:५० केला की पहिली ७५.८ वर राहते आणि दुसरी ८१ गुणांनी काम घेऊन जाते. म्हणजे खरा निर्णय निविदा उघडताना नव्हे, तर भार ठरवतानाच होतो.

नॅबेट या राष्ट्रीय मंडळाकडून पर्यावरण सल्लागारांना मिळणारी मान्यता क्षेत्रनिहाय असते, म्हणून ती बंदरांच्या क्षेत्रातील आहे का आणि तिची मुदत चालू आहे का, हे प्रमाणपत्रावरच तपासावे. निविदेत ज्या तज्ज्ञांची नावे दिली, तेच लोक प्रत्यक्ष काम करतील आणि बदल झाल्यास बंदराची लेखी संमती घेतली जाईल, अशी अट जरूर घालावी.

उत्तर २ : ओहोटीची वेळ
मी अनेक वर्षे समुद्रातील नमुने गोळा करण्याचे काम केले आहे. आपण सांगितलेला प्रकार मला नवा नाही. बहुतेक वेळा होडी एकदाच जाते आणि दुसरा रकाना कार्यालयात भरला जातो. उपाय साधा आहे : प्रत्येक नमुन्याची वेळ, अक्षांश-रेखांश आणि प्रयोगशाळेचा मूळ कागद बंदराच्या मालकीचा राहील, आणि नमुने घेताना बंदराचा एक माणूस होडीत असेल, असे करारात लिहावे. उधाणाची भरती आणि भांगेची भरती या दोन्ही वेळचे नमुने मागावेत, कारण प्रवाह आणि गढूळपणा यांत मोठा फरक पडतो. गाळ कुठे साचेल, याचे गणिती प्रारूप खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राकडून, आणि भरतीरेषेचे नकाशे केंद्राने प्राधिकृत केलेल्या संस्थेकडूनच घ्यावेत. त्यांचे शुल्क कोण भरणार, हे आधीच स्पष्ट असू द्या, अन्यथा स्वस्त दराचे गुपित तिथेच दडलेले असते. डोल जाळी लावण्याच्या जागा आणि तिसऱ्या (शिंपल्या) वेचण्याचे खाजण नकाशावर दाखवण्यासाठी स्थानिक मच्छीमार सोसायटीसोबत बसणे हा कामाचाच भाग समजावा.

उत्तर ३ : सहामाही
देयकाचा मोठा हप्ता ‘पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर’ असा कधीही ठेवू नये. तसे केले की सल्लागाराचे हित मंजुरीत अडकते आणि गैरसोयीचा आकडा अहवालात येतच नाही. हप्ते नमुने, मसुदा, जनसुनावणीतील हरकतींची उत्तरे अशा टप्प्यांना जोडावेत. मंजुरीनंतर १ जून आणि १ डिसेंबरला मंजुरीच्या अटी पाळल्याचा सहामाही अनुपालन अहवाल द्यावा लागतो. ते काम निराळ्या संस्थेला द्यावे, म्हणजे पहिलीचे अंदाज कोणीतरी तपासेल.

खाडीकाठ
सर्वांचा आभारी आहे. भार ७०:३० ठेवण्याची टिप्पणी आज सादर केली. होडीत जाण्यासाठी आमच्यातून मीच नाव दिले आहे.