मदत हवी आहे: होम थिएटरचा बेस स्वयंपाकघरात पोहोचतो, सोफ्यावर नाही

खर्जातला_सा:

नमस्कार मंडळी. दीड वर्ष पैसे साठवून गेल्या दिवाळीत ५.१ सिस्टीम घेतली. रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा), पुढे दोन बुकशेल्फ स्पीकर (सव्वापाच इंची वूफर), टीव्हीखाली सेंटर, मागच्या भिंतीवर दोन लहान स्पीकर आणि आतच ॲम्प्लिफायर असलेला १० इंची सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीचा स्पीकर. पुण्यात तपकीर गल्लीत दोन दुकानं फिरून एकेक वस्तू आणली, जोडणी मीच केली.

सिनेमात स्फोट झाला की खाली काहीतरी गुरगुरतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सिनेमा महिन्यातून एखादा, बाकी सगळे दिवस गाणं. आणि गाण्यात बेस म्हणाल तर नाहीच! डग्गा टेबलावर बोट आपटल्यासारखा वाजतो. बेस गिटार आहे हे आधीच माहीत असेल तरच ऐकू येते. तंबोऱ्याचा खर्ज गायब. यापेक्षा गाडीतल्या कंपनीच्या स्पीकरवर बरं वाजतं, आता बोला.

परवा एका मैफलीची ५.१ डिस्क लावली. बेस येईना म्हणून आवाज वाढवत गेलो, तर आतून बायको ओरडली, "अहो, मांडणीवरचे डबे थरथरतायत!" मला वाटलं उगाच. उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो तर खरंच, तिथे बेस दणदणीत! परत सोफ्यावर आलो, पुन्हा गायब.

सबवूफर छोटा पडतोय का? १२ इंची घ्यावा म्हणतोय, पण घरी विषय काढायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हटलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दणकेबाज:

१० इंचात काय होणार दादा? १२ इंची घ्या, जमलं तर दोन घ्या. हाकानाका.

सोल्डरकाका:

थांबा, पाकीट आत ठेवा. दारात बेस येतोय म्हणजे सबवूफर काम करतोय. आधी एवढं सांगा:

खोली केवढी, सोफा नेमका कुठे? रिसीव्हरच्या मेन्यूत पुढचे स्पीकर 'लार्ज' आहेत की 'स्मॉल'? सबवूफरच्या पाठीवर क्रॉसओव्हरचं, म्हणजे किती हर्ट्झपर्यंत वाजवायचं ते ठरवणारं बटण आहे ते कितीवर? आणि गाणी कशावरून वाजवता?

खर्जातला_सा:

हॉल १४ बाय ११ फूट. टीव्ही ११ फुटी भिंतीवर. सोफा बरोब्बर मध्यावर, म्हणजे टीव्हीच्या भिंतीपासून ७ फुटांवर, कारण त्याच्या मागे जेवणाचं टेबल आहे. स्वयंपाकघराचं दार मागच्या कोपऱ्यात. सबवूफर पुढच्या उजव्या कोपऱ्यात.

पुढचे स्पीकर 'लार्ज'. रिसीव्हरबरोबर आलेला माइक लावून ऑटो सेटिंग केलं तेव्हा त्यानेच तसं ठरवलं. मीही बदललं नाही, लार्ज म्हणजे जास्त चांगलं ना? सबवूफरचं बटण ५० वर. खोल बेस हवा म्हणून सगळ्यात खाली नेलंय.

गाणी फोनवरून किंवा टीव्हीतून. साधी स्टीरिओ.

सोल्डरकाका:

सापडलं. निदान अर्धं तरी.

'लार्ज' आणि 'स्मॉल'चा स्पीकरच्या आकाराशी किंवा दर्जाशी काही संबंध नाही. लार्ज म्हणजे रिसीव्हरला तुम्ही सांगता, "या स्पीकरला वरपासून खालपर्यंत सगळं पाठव, तो बघून घेईल." स्मॉल म्हणजे, "ठरलेल्या आकड्याच्या, म्हणजे क्रॉसओव्हरच्या खालचं याच्याकडून काढून सबवूफरला दे." आता ५.१ मधला तो '.१' म्हणजे सिनेमावाल्यांनी धमाक्यांसाठी राखलेला वेगळा चॅनल, त्यालाच 'एलएफई' म्हणतात. स्टीरिओ गाण्यात दोनच चॅनल असतात, तो '.१' नसतोच. पुढचे स्पीकर लार्ज असले तर स्टीरिओ गाण्यातलं सबवूफरकडे काहीच जात नाही. म्हणजे गेले आठ महिने तुमचा सबवूफर गाण्यांच्या वेळी नुसता दिवा लावून बसलाय, आणि सव्वापाच इंची वूफर बिचारे झेपत नसलेलं ओझं ओढतायत.

पुढचे दोन आणि सेंटर 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. मागचे लहान आहेत, त्यांना १०० किंवा १२०. ऑटो सेटिंगने ठरवलेलं हाताने बदललं तर काही बिघडत नाही. काही रिसीव्हरमध्ये 'एलएफई + मेन' असाही पर्याय असतो, मोहात पडू नका. त्यात तोच बेस दोन्हीकडून वाजतो आणि चिखल होतो.

खर्जातला_सा:

काका, सांगितलं तसं केलं. आणि आधीपेक्षा वाईट झालं!! आता डग्गा टेबलावरूनसुद्धा उठला. बायको म्हणते आधीचंच बरं होतं.

भिंतीलाकान:

त्यांचं ते ५० वरचं बटण राहिलंय, काका.

रिसीव्हर पुढच्या स्पीकरना म्हणतोय, ८० च्या खालचं तुम्ही वाजवू नका. सबवूफर म्हणतोय, ५० च्या वरचं मी घेणार नाही. मधल्या ५० ते ८० ला वालीच उरला नाही. आणि गंमत बघा, काळी एकच्या सुरात लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज येतो साधारण ६९ हर्ट्झवर. बरोब्बर त्या खड्ड्यात. तुमच्या नावाला शोभेलसं झालं.

ते बटण आकडा खाली नेल्याने बेस 'खोल' करत नाही, फक्त वरचा भाग कापतं. गाळणी एकच हवी आणि ती रिसीव्हरला सांभाळू द्या. सबवूफरचं बटण पूर्ण वर न्या, किंवा तिथे 'एलएफई' असं लिहिलेली जागा असेल तर तिथे ठेवा.

सोल्डरकाका:

+१. बटण मीच विचारलं होतं आणि मीच विसरलो. वय झालं.

खर्जातला_सा:

कमाल! बटण वर नेलं आणि डग्गा आला हो! घुमतो आहे, मींड कळते आहे. खर्जही आहे. दोघांना दंडवत.

पण बेस गिटार अजून पळपुटी आहे. वरच्या सुरांत ऐकू येते, खाली उतरली की दिसेनाशी होते. आणि स्वयंपाकघराचं कोडं तसंच. दारात मात्र सगळे सूर खणखणीत.

अंडेवाला:

भिंतींवर अंड्यांचे ट्रे लावा. माझ्या मित्राने स्टुडिओ केला होता, फार फरक पडतो.

भिंतीलाकान:

अंड्यांच्या ट्रेने फार तर वरच्या आवाजाचा कर्कशपणा थोडा कमी होईल. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते, तिला ट्रे, पडदा, दोन इंची फोम यातलं काहीही दिसतच नाही. हॉल घाण दिसेल, आग लागली तर भडकेल, बेस आहे तिथेच राहील.

आता कोडं. तुम्ही खोलीचं माप दिलंत म्हणून हिशेब करता येतो. आवाजाचा वेग साधारण ३४३ मीटर प्रति सेकंद. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, उत्तर येतं ४० हर्ट्झ. या सुराची लाट समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये बरोबर मावते आणि तिथेच उभी राहते. भिंतींपाशी तिचा दाब सगळ्यात जास्त, आणि मध्यावर जवळजवळ शून्य. आता सांगा, तुमचा सोफा कुठे आहे?

बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झ वाजतात. ती वाजतेय, पण तुम्ही नेमके जिथे ती पोहोचत नाही तिथे बसलायत. स्वयंपाकघराचं दार मागच्या कोपऱ्यात, तिथे पूर्ण दाब. डबे थरथरणार नाहीत तर काय!

अजून आहे. ११ फुटांच्या रुंदीचा असाच हिशेब केला तर येतो ५१ हर्ट्झ. सोफ्याची मधली जागा रुंदीच्याही मध्यावर, म्हणजे तिथेही दरी. सिस्टीमचे पैसे भरणारा माणूस बहुधा मधोमध बसतो आणि त्याच्याच वाट्याला बेस येत नाही. परदेशातल्या लाकडी चौकटीच्या, पातळ भिंतींतून बराच बेस बाहेर निसटतो, त्यामुळे तिथे हे थोडं सौम्य असतं. आपल्याकडे वीट-सिमेंटच्या भिंती आणि वर स्लॅब. सगळं परत खोलीत फेकलं जातं आणि डोंगर-दऱ्या दोन्ही वाढतात.

इक्वलायझरने ४० हर्ट्झ वाढवून दरी भरू नका. ६ डेसिबल वाढवायला चौपट ताकद लागते, आणि जितकं ओताल तितकं तिथे आपसातच कटतं. डोंगर कापायला इक्वलायझर चांगला, दरीला नाही. १२ इंची घेतला असतात तर तोही याच दरीत गेला असता, फक्त डबे खाली पडले असते.

सोफा दीड-पावणेदोन फूट मागे सरकवा. मागच्या भिंतीला मात्र चिकटवू नका, तिथे उलट घुम्म होतं. आणि सबवूफरची जागा शोधायची जुनी युक्ती करा: सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. सतत खाली-वर फिरणारी बेस गिटार असलेलं एकच गाणं परत परत लावा. मग तुम्ही जमिनीवर रांगत भिंतीकडेने फिरा, कान सबवूफरच्या उंचीवर. जिथे प्रत्येक सूर सारख्या जोराने येईल तिथे थांबा. सबवूफरची जागा तीच. सगळ्यात मोठा जिथे वाजतो तिथे नाही, सगळ्यात सारखा जिथे वाजतो तिथे.

दणकेबाज:

म्हणजे मी चुकलो का?

भिंतीलाकान:

१२ इंचीबद्दल हो. 'दोन घ्या' अगदीच चूक नाही. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले तर दऱ्या बऱ्याच भरतात. पण आधी फुकटातलं करून बघू दे की त्यांना.

सोल्डरकाका:

फुकटात आणखी एक. पुढच्या दोन स्पीकरच्या तारांपैकी एकीची प्लस-मायनस उलटी झाली असेल तरी बेस मरतो. एका वूफरचा कागद (हलणारा पडदा) बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि दोघं मिळून शून्य. हौसेने जोडणी केलेल्या दहा घरांत दोन-तीन ठिकाणी मला हे सापडतंच. रिसीव्हर बंद करा, तारा रिसीव्हरकडून सोडवा, एक पेन्सिल सेल घ्या. सेलची प्लस बाजू लाल खुणेच्या तारेला, मायनस दुसरीला, अगदी क्षणभर टेकवा. वूफर टक करून बाहेर यायला हवा. आत गेला तर त्या स्पीकरच्या पाठीशी तार उलटी लागलीय. सबवूफरला हे करायचं नाही, त्यात ॲम्प्लिफायर आहे. त्याला ० आणि १८० असा फेजचा, म्हणजे कागदाची हालचाल सरळ की उलटी ते ठरवणारा खटका असतो. ८० हर्ट्झचा सलग सूर लावून सोफ्यावर बसा, घरच्या कुणाला तरी खटका इकडे-तिकडे करायला सांगा. ज्या बाजूला जास्त भरीव वाजेल ती ठेवा. हे मात्र सबवूफर नव्या जागी गेल्यावरच, आधी केलंत तर परत करावं लागेल.

खर्जातला_सा:

रविवारी सगळं उरकलं. अहवाल देतो.

पेन्सिल सेल: डावा बाहेर, उजवा आत! काका, तुमच्या दोन-तीन घरांत माझं घर धरा. सरळ केल्यावर गायकाचा आवाजही मधोमध येऊन उभा राहिला. आधी तो नुसता हॉलभर पसरलेला असायचा, मला वाटायचं यालाच सराउंड म्हणतात.

रांगणं: सबवूफर सोफ्यावर विराजमान, मी जमिनीवर. आई देवळातून आली, बघत राहिली, म्हणाली, "काय हरवलंय रे?" बेस म्हटलं. ती आत जाऊन बायकोला विचारत होती की याला बरं आहे ना. उजव्या कोपऱ्यात घुम्म, टीव्हीच्या डाव्या अंगाला भिंतीच्या मध्याजवळ सगळे सूर जवळपास सारखे. सबवूफर तिथे गेला, फेज १८० वर.

सोफा: दीड फूट मागे. त्यासाठी जेवणाचं टेबल भिंतीला टेकवलं, आता चौघांऐवजी तिघंच बसू शकतात. यावर घरात चर्चा चालू आहे.

पण काय वाजतंय! बेस गिटार खाली उतरते आणि खालीच राहते. आवाज आधीपेक्षा कमी ठेवूनही. डबे शांत.

आता नवी अडचण. खालच्या मजल्यावरच्या काकू काल जिन्यात म्हणाल्या, "तुमच्याकडे रात्री दळण चालू असतं का?"

चौथामजला:

हा भाग माझा, सोसायटीत दोनदा बोलणी खाल्ली आहेत. सबवूफर थेट लादीवर ठेवला की पेटीची थरथर स्लॅबमधून खाली उतरते. त्याच्या पायांखाली जाड, मऊ रबराचे तुकडे घाला, वॉशिंग मशीनखाली घालतात तसले. मी रबर, त्यावर कडप्प्याचा तुकडा, त्यावर सबवूफर असं केलंय. थरथर बरीच कमी होते. पण खरं सांगतो, हवेतून जाणारा बेस रबराने थांबत नाही. रिसीव्हरमध्ये मोठे धमाके दाबणारा 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' असा पर्याय असेल तर सिनेमाला तो लावा, आणि साडेनऊनंतर सबवूफर चार-पाच डेसिबलने खाली.

आणि काकूंना एकदा संध्याकाळी चहाला बोलवा, त्यांच्या आवडीचं काहीतरी ऐकवा. मधल्या जागेवर बसवा.

खर्जातला_सा:

रबर आणलं. कडप्पा ओट्याचा उरलेला माळ्यावर आहे. काकूंना विचारलं, त्यांना नाट्यसंगीत हवंय. शनिवारी येतायत, काकांनाही घेऊन. म्हणजे टेबलाला चौथी खुर्ची परत काढावी लागणार. सोफा पुढे न घेता ती कुठे मावते ते बघतोय, कुणाला काही सुचतंय का?