वर्गातल्या ‘मस्करी’ला लैंगिक छळ केव्हा म्हणावे आणि पालकांनी पुढे काय करावे?

प्रश्न : आठवीतल्या मुलीची आई, नाशिक

माझ्या मुलीच्या वर्गातील दोन-तीन मुले ती फळ्याकडे जायला उठली की तिच्या छातीवरून शेरे मारतात, मागच्या बाकावरून तिच्या अंतर्वस्त्राचा पट्टा ओढून सोडतात, आणि वर्ग हसतो. मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलींना दहापैकी गुण दिले जातात, हेही तिला मैत्रिणीकडून कळले. वर्गशिक्षिकांना भेटले, तेव्हा ‘या वयात मुले अशी वागतातच’ असे म्हणून त्यांनी माझ्या मुलीचाच बाक बदलला. स्वच्छतागृहाच्या वाटेवर तीच मुले उभी असतात, म्हणून ती हल्ली शाळेत पाणीच पीत नाही. घरातले म्हणतात, बोभाटा केला तर नाव तिचेच होईल. मी राईचा पर्वत करते आहे का?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापिका

मुळीच नाही. मुलगी तहान मारून शाळेत बसते आहे, एवढ्यावरून हे मस्करीच्या पलीकडे गेले आहे हे शिक्षिकांना कळायला हवे होते. समोरच्याला नको असलेले, शरीराशी निगडित बोलणे किंवा स्पर्श, आणि तोही चारचौघांत, याला लैंगिक छळच म्हणतात. करणारा तेरा वर्षांचा आहे म्हणून त्याचे नाव बदलत नाही. बाक बदलायचाच होता तर त्या मुलांचा बदलायचा. (मैदानावर एखाद्या मुलाची चड्डी खाली ओढली जाते किंवा त्याला ‘बायल्या’ म्हणून हैराण केले जाते, तेव्हा तर तक्रारही कोणी ऐकून घेत नाही, तोही छळच.)

आता तोंडी बोलणे थांबवा. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा. दिवस, तास, जागा आणि मुलांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा, ते सौम्य करू नका. ‘गैरवर्तन’ एवढेच लिहिले तर ते दप्तर फेकण्याच्या तक्रारीत जमा होते. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेली सखी सावित्री समिती असायला हवी. अर्जाची एक प्रत तिच्याकडे द्या, आणि समिती केवळ फलकावरच असेल तर तसे गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा.

उत्तर : एका शाळेच्या संस्थेचा पदाधिकारी

अर्जाला माझी हरकत नाही, परंतु हे पोलिसांपर्यंत जाऊ नये असे मला वाटते. तीही लहान मुले आहेत, त्यांच्या आयुष्यावर डाग लागेल. दोन्हीकडच्या पालकांना समोरासमोर बसवून समज द्यावी आणि विषय मिटवावा.

उत्तर : बालहक्कांची कामे पाहणारी वकील

आपण संस्थेचे पदाधिकारी आहात, म्हणून हे स्पष्ट लिहिते. पॉक्सो कायदा, २०१२ (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणारा कायदा) नुसार लैंगिक हेतूने केलेले शेरे, हावभाव आणि वारंवार पाठलाग कलम ११ मध्ये, तर लैंगिक हेतूने केलेला स्पर्श कलम ७ मध्ये येतो. कपड्यांवरून केलेला स्पर्श यात बसत नाही, असे मानणारा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला आहे. अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापूरच्या २०२४ च्या प्रकरणात पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा नोंदवला गेला होता. त्यामुळे ‘आपापसांत मिटवणे’ हा पर्याय शाळेच्या हातात नाही.

डागाची भीती अवाजवी आहे. अठरा वर्षांखालील मुलांचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तेथे समज देणे, समुपदेशन, समाजसेवा असे मार्ग आहेत. मुलीच्या आईने एवढे जाणून असावे की जबाब घरी घेता येतो, तो घेणारे पोलीस गणवेशात नसतात, शक्यतो महिला अधिकारी असते, आणि मुलीची ओळख माध्यमांतून उघड करण्यास बंदी आहे. ग्रुपवरील मजकुराचे स्क्रीनशॉट मिळाले तर जपून ठेवा, मात्र इतर पालकांना पाठवू नका.

उत्तर : शालेय समुपदेशक

समोरासमोर बसवण्याला माझाही ठाम विरोध आहे. ज्यांना पाहून ती वाट बदलते, त्यांच्याच पुढे तिला पुन्हा सर्व सांगायला लावणे म्हणजे छळ वाढवणे. परिपाठात माफी मागायला लावणेही नको, कारण त्याने सारी शाळा तिच्याकडेच पाहू लागते. मुलांशी एकेकट्याने आणि त्यांच्या पालकांसह बोलावे लागते. हसणाऱ्या वर्गाशी वेगळे बोलावे लागते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ त्यासाठीच द्यावा, कारण हशा मिळेनासा झाला की निम्मा जोर आपोआप ओसरतो.

घरी ‘तू तेव्हाच का नाही बोललीस?’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. अर्जात काय लिहिले आहे ते तिला वाचून दाखवा आणि तिला नको असलेला तपशील वगळायचा का, हे तिच्याशी बोलून ठरवा. उद्यापासून मधल्या सुट्टीत त्या वाटेवर एक शिक्षिका उभी राहील, एवढी लेखी हमी मात्र चौकशीची वाट न पाहता मागून घ्या. शाळा दाद देत नसेल तर १०९८ या बालमदत क्रमांकावर आपण किंवा ती स्वतः, केव्हाही बोलू शकते.