विषय: कॅलिब्रेशनमध्ये १८ वर्षं, आता बाहेरची ऑफर

नमस्कार मंडळी,

इंजिन कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे इंजिनच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमधले आकडे चाचण्या घेऊन बसवण्याच्या कामात, मला १८ वर्षं झाली. दुसऱ्या देशातल्या एका वाहन कंपनीची ऑफर आलीय. हुद्दा वरचा, पगार चांगला, पण काम बॅटरी कंट्रोलच्या टीममध्ये. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. बायको नोकरी करते, मुलगी नववीत आहे. पगाराचं गणित मांडून झालं, त्यापलीकडे काय बघावं ते सुचत नाहीये. या वयात कोणी बिऱ्हाड हलवलं असेल तर कृपया सांगा.

---

नमस्कार,

मी चाळिशीत हलवलं, म्हणून मोकळेपणाने लिहिते. आधी एकच विचारा: ज्या गाडीवर तुम्हाला घेताहेत, तिचं एसओपी, म्हणजे कारखान्यात उत्पादन सुरू होणं, कधी आहे? नवी गाडी कागदावरून उत्पादनात यायला साधारण तीन-चार वर्षं जातात. सुरुवातीला पोचलात तर रिक्वायरमेंट्स तुम्ही लिहाल, सेन्सर कुठे बसवायचा हे तुमच्या शब्दावर ठरेल. एसओपी सहा महिन्यांवर आलंय आणि आत्ता अनुभवी माणूस शोधताहेत, तर तहान लागल्यावर विहीर खणायला बोलावताहेत असं समजा.

माझं तेच झालं. मुलाखतीत सिस्टिम आर्किटेक्ट म्हणून घेतलं आणि पहिल्या सोमवारी शेकडो ओपन इश्यूंची यादी समोर ठेवली. हार्डवेअर फ्रीझ झालेलं, म्हणजे त्यात आता बदल नाही. जे सर्किट बदलायला हवं होतं, त्याचं दुखणं सॉफ्टवेअरमध्ये झाकायचं. वर्षभर मी दुसऱ्यांचे निर्णय निस्तरत होते. पगार वेळेवर येत होता, पण घरी आल्यावर बोलावंसं वाटत नसे.

बॅटरी नवीन म्हणून बिचकू नका. इंजिनचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट २५०-३०० अंशांपर्यंत तापेस्तोवर काम करत नाही, त्या सुरुवातीच्या सेकंदांसाठी तुम्ही कडाक्याच्या थंडीत पहाटे लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडीत बसला असालच. बॅटरीतही थंडीच छळते. शून्याखाली लिथियम-आयन सेल जोरात चार्ज केला तर अ‍ॅनोडवर लिथियम धातूच्या रूपात साचतो आणि सेलची क्षमता कायमची घटते. कोणत्या तापमानाला किती करंट सोडायचा, तो तक्ता (मॅप) भरायचा म्हणजे कॅलिब्रेशनच. तो हात तुमचा बसलेला आहे. अभ्यास लागेल तो सेल केमिस्ट्रीचा, हाय व्होल्टेजच्या कामाचा आणि फंक्शनल सेफ्टीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तरी धोका होऊ नये याचा. त्याचं मानक आयएसओ २६२६२ २०११ साली आलं, २०१८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्यातल्या एसिल ए ते डी या धोक्याच्या पायऱ्या नुसत्या माहीत असून भागत नाही, कुठल्या बिघाडाने काय धोका होईल ते ठरवणाऱ्या हॅझार्ड अ‍ॅनालिसिसला स्वतः बसावं लागतं. हे प्रशिक्षण कंपनी देणार असेल तर तसं ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

सामान हलवण्याचा खर्च ठरावीक मुदतीआधी सोडल्यास परत करावा लागेल, अशी अट बहुतेक असते. कंपनीनेच कमी केलं तर वसुली नाही, हे वाक्य त्यात घालून घ्या. व्हिसा त्याच कंपनीला बांधलेला आहे का आणि नोकरी गेली तर किती दिवस राहता येतं, तेही बघा.

आणि वहिनींना काम करायची परवानगी मिळेल का? हा प्रश्न आमच्या घरी शेवटी विचारला गेला, त्याची रुखरुख अजून आहे. मुलीचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत रुजू व्हायची तारीख पुढे मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

---

ताई,

तुमचं पत्र आम्ही तिघांनी एकत्र वाचलं. आज तिथल्या मॅनेजरशी बोललो. एसओपी अडीच वर्षांवर आहे. सेल ठरलाय, पण पॅकचं कूलिंग अजून ठरायचंय, म्हणजे वेळेत पोचतोय. रुजू व्हायची तारीख पुढे न्यायला ते तयार आहेत. बायकोच्या परवानगीचं मात्र एचआरने तोंडी 'होईल' म्हटलं. ते लेखी आल्याशिवाय सही करायची नाही, असं ठरवलंय. उत्तराला आठ दिवस वाढवून मिळाले आहेत.